इसबगोल काय औषध आहे का?

"बाकी काही औषधं चालू आहेत का?" असं बाबांना मॉर्फिन सुरू करताना डॉक्टरांनी आम्हाला दोनदा विचारलं होतं. मी बीपीची गोळी सांगितली, प्रोस्टेटची सांगितली, आई मागून म्हणाली कॅल्शियमची पण आहे, मग ती पण सांगितली. इसबगोल सांगितलं नाही, कारण इसबगोल आमच्याकडे औषधात येतच नाही ना, ते ओट्याच्या वरच्या फळीवर असतं, चहा पावडर आणि खायच्या सोड्याच्या मधे. त्याला कोण औषध म्हणतं? बाबा गेली वीस-पंचवीस वर्षं रात्री झोपताना चमचाभर घेत होते, कोठा जड आहे म्हणून, तेही कोमट दुधातून. म्हणजे सवयच झाली होती, दात घासण्यासारखी.

हे सगळं आता लिहितेय कारण गेल्या महिन्यात असाच प्रकार दुसऱ्यांदा होता होता राहिला, ते शेवटी सांगते.

बाबा एसटीत कंडक्टर होते, वाई डेपोला. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, औषधांवर बरीच वर्षं बरे राहिले, आणि मग तो हाडात गेला, कंबरेत आणि मांडीत. हाडातलं दुखणं काय असतं ते ज्याने घरात बघितलंय त्यालाच कळेल, कूस बदलायची म्हटलं तरी माणूस आधी पाच मिनिटं मनाची तयारी करतो. आधी ट्रॅमाडॉल दिलं, त्याने थोडे दिवस भागलं, मग ते पण पुरेना म्हणून मॉर्फिन सुरू करायचं ठरलं. मी त्यांना पुण्याला माझ्याकडे घेऊन आले.

मॉर्फिन म्हटल्यावर घरात जे वातावरण झालं ते विचारू नका. आत्या (बाबांची धाकटी बहीण, वाईहून खास आलेली) तोंडाला पदर लावून म्हणाली, "म्हणजे अफूच की गं!" आता ते चूक नाही, मॉर्फिन अफूतूनच काढतात. बाबा मात्र हसले. म्हणाले, "लहानपणी आमच्या आईनं आम्हाला बाळगोळी देऊन झोपवलंच होतं की, आता म्हातारपणी पोरगी झोपवतीय." बाळगोळीत अफू असायची हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेतावर नाहीतर गिरणीत जाणाऱ्या बायका लेकराला ती चाटवून कामाला जायच्या.

आणि सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची, सवय लागेल. डॉक्टरांनी समजावलं की कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट मापात दिलं तर त्या भीतीपायी माणसाला कळवळत ठेवण्यात काही अर्थ नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्या देशात मॉर्फिन मिळणंच इतकं अवघड झालं होतं की बहुतेक डॉक्टरांनी ते लिहायचंच सोडून दिलं, २०१४ साली कायद्यात बदल झाला तेव्हा कुठे मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना थोडं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे ते मिळत नाहीच. आम्ही हॉस्पिटलमधूनच मोजून आणायचो, रजिस्टरवर सही करून.

१० मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री २ ला उठायला नको. बाबांना हे टाइमटेबल फार आवडलं. जुन्या डायरीत त्यांनी तक्ता आखला, प्रत्येक गोळीपुढे वेळ आणि बरोबरची खूण. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःहून उठून बसले आणि पेपर मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खरं सांगते.

तर मॉर्फिनच्याच कागदावर खाली अजून एक गोळी लिहिलेली होती. रात्री दोन, सोनामुखीची. म्हणजे त्यावर सेना असं काहीतरी होतं, सोनामुखी हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले होते, "ही चुकवू नका हं, मॉर्फिन चालू तोवर ही चालू." पण गोळ्या इतक्या झाल्या होत्या, आणि आत्या म्हणाली जुलाबाच्या गोळीची सवय लागते, आतडी आळशी होतात, दादा इसबगोल घेतोयच की, तेच वाढवू. मलाही पटलं. इसबगोल नॅचरल, फायबर, त्यात वाईट काय असणार? चमचाभराचे दोन चमचे केले.

गंमत बघा, अफूची सवय लागेल म्हणून घाबरलो, ती दिली, आणि पोट साफ व्हायच्या गोळीची सवय लागेल म्हणून ती काढून टाकली.

पहिले तीन-चार दिवस संडासला झालं नाही, आम्ही म्हटलं खाणं कमी आहे म्हणून असेल. इसबगोलचे तीन चमचे केले. बाबा पाणी कमीच प्यायचे कारण पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागणार, उठलं की दुखणार. अर्धा कप दूध, त्यात तीन चमचे इसबगोल, आणि तेही पलंगावर रेलून. आता हे वाक्य लिहितानासुद्धा माझ्या पोटात गोळा येतो. सहाव्या दिवशी पोट फुगलं, जेवण नको झालं, मळमळ सुरू. मळमळ मॉर्फिनने सुरुवातीला होते असं सांगितलेलं होतं म्हणून ती पण त्याच्याच खात्यात टाकली.

आठव्या दिवशी पातळ झालं. एकदम पाण्यासारखं, कपड्यातच, कळलंच नाही त्यांना. आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, चला झालं एकदाचं. मग दिवसातून चार-पाच वेळा तेच. आता जुलाब लागले म्हणून मी कपाटातली जुलाब थांबवायची गोळी दिली, लोपेरामाइड, ती प्रवासाला जाताना आपण सगळेच पर्समध्ये टाकतो ती.

हे मी केलेलं सगळ्यात मोठं गाढवपण. कारण एक, ते जुलाब नव्हतेच. वर मळाचा खडा अडकला की त्याच्या कडेकडेने पातळ पातळ झिरपत राहतं, बघणाऱ्याला वाटतं जुलाब. आणि दोन, लोपेरामाइड हे मॉर्फिनच्याच खानदानातलं औषध आहे. ते नेहमीच्या डोसला मेंदूपर्यंत पोचत नाही एवढाच फरक, आतड्यावर काम अगदी तेच. म्हणजे बंद दाराला मी बाहेरून अजून एक कडी घातली.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह टीमची, म्हणजे मोठ्या आजारातलं दुखणं-त्रास कमी करणाऱ्या टीमची, सिस्टर घरी व्हिजिटला आली. तिने पोटावर हात ठेवला, दोन प्रश्न विचारले, शेवटचं घट्ट कधी झालं होतं आणि सोनामुखीची गोळी चालू आहे का. मी गप्प. मग तिने विचारलं, "घरगुती काही देताय?" तेव्हा कुठे इसबगोल बाहेर आलं. ती ओरडली नाही. फक्त "अरे देवा" म्हणाली, आणि डॉक्टरांना फोन लावला.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. आधी एक्सरे काढून आतडं पूर्ण बंद तर झालं नाही ना ते बघितलं, कारण तसं असेल तर कुठलंच रेचक द्यायचं नसतं, ते धोक्याचं. मग ग्लिसरीन, एनिमा, आणि शेवटी सिस्टरने हातमोजे घालून हाताने काढलं. आयुष्यभर कडक इस्त्रीचा खाकी ड्रेस घातलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेर येऊन सिस्टर मला म्हणाली की नुसती कणीक होती हो, भिजवून विसरलेली.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी एक प्रयोग केला. वाटीत दोन चमचे इसबगोल घातलं, वर अर्धा कप पाणी, आणि ओट्यावर ठेवून दिलं. सकाळी वाटी उलटी केली. पडलं नाही. हलवली तरी पडलं नाही, चमच्याने खरवडावं लागलं. बाबांना नेऊन दाखवलं तर ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे माझ्या पोटात?"

मग डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, तेच अन्न पुढे ढकलत नेतं. मॉर्फिन मेंदूत आणि कण्यात ज्या जागांवर बसून दुखणं कमी करतं तशाच जागा या जाळ्यातही असतात, तिथे पण ते जाऊन बसतं, आणि मग ढकलणं मंदावतं, अन्न जिथल्या तिथे रेंगाळतं, रेंगाळलं की आतडं त्यातलं पाणी अजून अजून शोषून घेतं, आणि खालचा दरवाजा पण जास्त आवळला जातो. आणि मळमळ, गुंगी हे बहुतेकांना काही दिवसांत सवयीने कमी होतं, पण आतड्याला याची सवय होत नाही. महिना झाला तरी तेच, वर्ष झालं तरी तेच. म्हणून "मॉर्फिन चालू तोवर ही चालू".

आता इसबगोल काय करतं, तर पाणी पिऊन फुगतं, मळाचा आकार वाढवतं, आतड्याच्या भिंतीला ताण बसतो आणि भिंत म्हणते चला ढकला. धडधाकट, चालत्या-फिरत्या, तांब्याभर पाणी पिणाऱ्या माणसाला एकदम मस्त. पण इथे भिंतीला ढकलायचीच ताकद ठेवलेली नाही, पाणी पण नाही, मग नुसता आकार वाढतो आणि सुकतो.

बाबांनी ते ऐकलं आणि एका वाक्यात सांगून टाकलं. "म्हणजे मॉर्फिननं सिंगल बेल मारून गाडी उभी केलीय, आणि तुम्ही मागच्या दारानं पॅसेंजर भरताय." डॉक्टर इतके हसले की बाहेरचा पेशंट डोकावला. म्हणाले अगदी बरोबर, आणि सोनामुखी म्हणजे डबल बेल.

म्हणजे तीही झाडपाल्याचीच, हे मला फार लागलं. मी इसबगोल नॅचरल म्हणून ठेवलं आणि गोळी केमिकल म्हणून काढली, आणि त्या गोळीत काय तर सोनामुखीचा पाला, जो आमच्या आजीच्या बटव्यात पण असायचा! तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे ती पिकते, बाहेरदेशी तिला त्याच गावाच्या नावाने ओळखतात. तिची रीत वेगळी आहे. गिळल्यावर लगेच काही होत नाही, ती मोठ्या आतड्यापर्यंत तशीच जाते, तिथले जंतू तिला फोडतात, आणि त्यातून जे निघतं ते आतड्याला थेट चिमटा काढतं, हल म्हणून, शिवाय पाणी पण आत राखून ठेवतं. याला ६ ते १२ तास लागतात, म्हणून रात्री घ्यायची, सकाळी गाडी वेळेवर. लघवी थोडी पिवळी-तांबूस होऊ शकते, घाबरायचं नाही असं आधीच सांगितलं होतं, आणि झाली तेव्हा आई घाबरलीच.

बरं हे कळल्यावर तरी आम्ही शहाणे झालो का? नाही. गोळ्या रात्री दोनच्या तीन केल्या, जोडीला पाणी ओढून धरणारं एक गोड सिरप, सगळं सुरळीत, आणि दोन आठवड्यांनी बाबांच्या पोटात असा मुरडा उठला की मॉर्फिनवर असलेला माणूस ओरडला. नंतर खरेखुरे जुलाब. शोध घेतला तर आत्याने गुपचूप एक चूर्ण सुरू केलं होतं, इसबगोल बंद केलं ना मग हे घे दादा, आयुर्वेदिक आहे. डबा घेतला, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव, सोनामुखी पान. म्हणजे तीन गोळ्या अधिक चमचाभर पाला. डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला लावलं, कमी निघालं, कारण जुलाबातून ते जातं आणि ते फार कमी झालं तर हृदयाच्या ठोक्यांवर येतं. मी आत्याला खूप बोलले, इतकं बोलायला नको होतं. तिला तरी कोण सांगणार होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा इसबगोल लपवणारी मी, तर चूर्ण लपवणारी ती.

तसं बघितलं तर आत्यालाच आधी माहीत होतं. ती एकदा भाजी निवडताना सहज म्हणाली की आमच्याकडे कुणाला हगवण लागली की थेंबभर अफू द्यायचे, बांधून यायचं. अफूने पोट बांधतं हे आपल्या जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं, आयुर्वेदात अफूला अहिफेन म्हणतात आणि अतिसारावरच्या काही जुन्या औषधांत ती घातलेली असते. मॉर्फिन म्हणजे अफू हे तर ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. फक्त ही दोन वाक्यं आमच्या घरात कुणी शेजारी ठेवली नाहीत.

अजून एक. मी नंतर खूप वाचत बसायचे रात्री, तेव्हा कळलं की मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर पट्ट्यात सरकारी परवान्यावर अफू पिकते, नीमचला सरकारचा अफूचा कारखाना पण आहे, आणि त्याच नीमचच्या मंडीत इसबगोलाच्या गोण्या विकायला येतात. दोन्ही रब्बीची पिकं. म्हणजे एकाच भागातल्या शेतांतून निघून दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी आमच्या बाबांच्या पोटात येऊन भेटली. इसबगोल हा शब्द मूळचा फारसी, घोड्याचा कान असा अर्थ, बी तसं दिसतं म्हणून. बाबांना सांगितलं तर म्हणाले घोडा राहू दे, एसटी वेळेवर सोड.

त्या मुरड्यानंतर मात्र घडी बसली. सिस्टरने एक चित्रांचा कागद दिला होता, मळाचे सात प्रकार, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला केलेला, १ म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ आलं की पास. बाबांच्या डायरीत मॉर्फिनच्या शेजारी अजून एक रकाना आला. "स. ७.१०, नं. ४, वेळेवर." "स. ९.४०, नं. ३, उशिरा." एका दिवशी लिहिलंय, "फेरी रद्द." सिस्टरचा नियम होता की लागोपाठ तीन फेऱ्या रद्द झाल्या तर तिला फोन, घरी डोकं चालवायचं नाही, आणि पातळ झालं तर आधी विचारायचं की ते खरंच पातळ आहे की कडेने आलंय. मॉर्फिनचा डोस वाढला की सोनामुखीचा पण बघितला जायचा. डॉक्टर एकदा म्हणाले की याने नाही भागलं तर आता अशीही इंजेक्शनं-गोळ्या आहेत की ज्या फक्त आतड्यातलं मॉर्फिन उठवतात आणि मेंदूत शिरत नाहीत, म्हणजे दुखणं थांबलेलं राहतं आणि पोट चालतं. आम्हाला ती वेळ आली नाही. आणि इसबगोल किंवा कुठलंही फायबर इतर औषधांच्या शोषणात आडवं येऊ शकतं म्हणून दोघांत दोन तासांचं तरी अंतर ठेवायचं असतं हेही तेव्हाच कळलं. आम्ही तर बीपीची गोळी त्याच दुधाबरोबर देत होतो, इतकी वर्षं.

बाबा त्यानंतर सात महिने होते. त्यातले बरेचसे पेपर वाचण्यात आणि आईशी भांडण्यात गेले.

तर गेल्या महिन्यात आत्या वाईत अंगणात पडली, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिलं. ट्रॅमाडॉल मॉर्फिनपेक्षा पुष्कळ सौम्य, तरी त्याच घराण्यातलं, २०१८ पासून तेही एनडीपीएसमध्ये आहे. चौथ्या दिवशी तिचा फोन.

"अगं, दोन दिवस झाले नाही झालं. घरात इसबगोल आहे. घेऊ का?"

"पाणी किती पितेस?"

"कुठलं पाणी, एका हातानं लुगडं आवरत उठायचं म्हणजे..."

"मग नको घेऊ. डॉक्टरांना फोन कर, ट्रॅमाडॉल चालू आहे हे सांग, आणि घरात काय काय घेतेस ते सगळं सांग. सगळं म्हणजे सगळं."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "एरंडेल पण सांगू?"

"कधी घेतलंस एरंडेल?"

"सकाळी. चमचाभरच गं. ते काय औषध आहे का?"